गेमची मालिका करताना: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत व्हिडिओ गेमवरून ॲनिमेशन मालिका करण्याविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांच्या नावांऐवजी गाव दिलं आहे.

प्रश्न: आमच्या छोट्या स्टुडिओचा एक ॲडव्हेंचर गेम आहे. पूर्ण खेळायला साधारण चौदा तास लागतात. एका निर्मात्याने बावीस मिनिटांच्या आठ भागांची मालिका सुचवली आहे. चौदा तासांचं तीन तासांत कसं बसवायचं? कुठे कात्री लावायची? – पुणे

उत्तर: कात्री बाजूला ठेवा, आधी मोजा. गेम एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून रेकॉर्ड करा आणि चार रकान्यांचा तक्ता भरा: वेळ, काय घडलं, ते कुणी ठरवलं (लेखकाने की खेळाडूने), आणि त्यामुळे कुणाचं काय बदललं. चौदा तासांतला बहुतेक वेळ चालणं, शोधणं, लढणं आणि मरून पुन्हा उभं राहणं यांत गेलेला दिसेल. चौथ्या रकान्यात लिहिण्यासारखं काही आहे अशा ओळी मोजक्याच निघतील. थोडक्यात, तुमच्याकडे गोष्ट जास्त नाही, कमीच आहे. आठ भागांचे १७६ मिनिटं होतात. शीर्षकं आणि श्रेयनामावलीची भागामागे दीड मिनिट वजा केली तर १६४ उरतात. बावीस मिनिटांच्या भागात बारा ते सोळा प्रसंग लागतात, म्हणजे एकूण साधारण शंभर ते सव्वाशे. तेवढे प्रसंग तक्त्यात नाहीत, ते लिहावे लागणार.

का नाहीत, ते समजून घ्या. गेममधला नायक मुद्दाम पोकळ ठेवलेला असतो, ती जागा खेळाडूची असते. दार उघडायचं की नाही, कुणाला वाचवायचं, याची धाकधूक खेळाडूच्या पोटात होते. नायकाच्या चेहऱ्यावर ती दाखवायची गरज पडत नाही. मालिकेत खेळाडू नाही. त्यामुळे तिसऱ्या रकान्यात जिथे जिथे ‘खेळाडू’ लिहिलंय, तिथे एका पात्राला तो निर्णय घ्यावा लागेल आणि त्याची किंमतही मोजावी लागेल. रूपांतराचं खरं काम हेच आहे. बाकीची सगळी डागडुजी.

याचे तीन मार्ग रुळलेले आहेत. पहिला, गेमचाच नायक घ्यायचा आणि कारणं भरायची. ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेने (नेटफ्लिक्स, २०१७) हेच केलं. तिचा आधार १९८९चा ‘कॅसलव्हेनिया ३’. त्यात ट्रेव्हर बेलमाँट ड्रॅक्युलाला मारायला निघतो, एवढीच गोष्ट. ड्रॅक्युला माणसांवर का उठला आहे, याच्याशी खेळणाऱ्याला काही देणंघेणं नव्हतं. उजवीकडे सरकत राहायचं. मालिकेने ते कारण दुसऱ्याच गेममधून उचललं. १९९७च्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’मध्ये ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड याच्या आईचा, लिसाचा मृत्यू एका दुःस्वप्नात दिसतो. मालिकेने तोच प्रसंग पहिल्याच भागात आणला, लिसाला चेटकीण ठरवून जाळलं, आणि ड्रॅक्युलाला लोकांना एक वर्षाची मुदत द्यायला लावली. एका दृश्याने खलनायकाला कारण मिळालं आणि नायकाला घड्याळ. काटछाटही बघण्यासारखी आहे. गेममध्ये ट्रेव्हरला तीन साथीदार भेटू शकतात, पण एका वेळी एकच सोबत ठेवता येतो. मालिकेने सायफा आणि अलुकार्ड दोघांनाही सोबत ठेवलं आणि तिसऱ्याला, ग्रँटला, घेतलंच नाही. त्रिकुटाची भांडणं लिहिता येतात. चौथा आला की कुणीतरी नुसतं उभं राहतं.

दुसरा मार्ग म्हणजे गेम सुरू होण्याआधीचा काळ. ‘आर्केन’चा (२०२१) आधार ‘लीग ऑफ लेजंड्स’ आहे. त्यात सलग कथा नाहीच. पाच विरुद्ध पाच असे सामने असतात. पात्रं आहेत, त्यांची थोडी पूर्वपीठिका आहे, आणि सामन्यात ती एकमेकांना टोमणे मारतात. व्हाय आणि जिंक्स या बहिणी शत्रू कशा झाल्या हा प्रश्न गेमने नुसता सूचित केला होता. नऊ भागांचं पहिलं पर्व त्याच प्रश्नावर उभं आहे. तुमच्या गेममध्ये असा अर्धवट सांगितलेला एखादा जुना घाव असेल तर तिथूनच सुरुवात करा.

तिसऱ्या मार्गाबद्दल पुढच्या उत्तरात.

पुण्याचंच उदाहरण घेऊन बघू, निव्वळ सराव म्हणून. इथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०). राक्षसांनी धाकट्या भावाला, गोलूला पळवलंय आणि राजी त्याच्या मागावर आहे. निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात, वरून बघत, आपसांत बोलत. गेमसाठी हे उत्तम: भिंतीवरून पळताना, त्रिशूळ फिरवताना कानावर गोष्ट पडत राहते आणि खेळ थांबत नाही. पण मालिकेत हाच धागा जसाच्या तसा ठेवला तर मुख्य पात्र मुकं आणि देवच बोलतायत असं होईल. राजीच्या सोबत कुणीतरी लागेल, जिच्याशी किंवा ज्याच्याशी तिला खोटं बोलावं लागेल. गोलूच्या बाजूचं काय चाललंय तेही दाखवावं लागेल. गेममध्ये तो बहुतेक वेळ ‘गाठायचं ठिकाण’ आहे. उलट, त्यातले छायाबाहुल्यांसारखे कथाप्रसंग तसेच उचलावेत. दिसायला देखणे आहेत आणि पूर्ण ॲनिमेशनपेक्षा स्वस्तही पडतात.

शेवटचं, लढायांबद्दल. ज्या लढाईनंतर काही बदलत नाही ती काढा. एका भागात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त लढाई ठेवू नका. प्रेक्षकाच्या हातात कंट्रोलर नसतो, म्हणून गेममध्ये वीस मिनिटं रंगलेली झुंज पडद्यावर तीन मिनिटांत कंटाळा आणते. शिवाय खर्चाची सर्वांत मोठी भगदाडं तिथेच पडतात.

प्रश्न: आमच्या गेमला चार शेवट आहेत आणि नायक मुलगा की मुलगी हे खेळणारा ठरवतो. मालिकेत कोणता शेवट खरा मानायचा? एक निवडला तर बाकीचे खेळाडू नाराज होतील. – ठाणे

उत्तर: होतीलच. म्हणून निवडूच नका. हाच तो तिसरा मार्ग. ‘सायबरपंक २०७७’मध्ये व्ही हे पात्र पुरुष की स्त्री, त्याचा भूतकाळ, त्याचा शेवट, सगळं खेळणाऱ्याच्या हातात. ‘सायबरपंक: एजरनर्स’ने (२०२२, दहा भाग, जपानचा स्टुडिओ ट्रिगर) व्हीला हातच लावला नाही. शहर तेच नाइट सिटी, काळ गेमच्या थोडा आधीचा, नायक नवा: डेव्हिड मार्टिनेझ. शहराचे नियम मात्र काटेकोर पाळले. शरीरात यंत्रं बसवत गेलं की डोकं फिरतं, हा गेममधला नियम मालिकेने डेव्हिडच्या आयुष्याचा उतार बनवला. प्रत्येक नवा अवयव म्हणजे आणखी ताकद आणि आणखी एक पायरी खाली. गेममध्ये जी ‘अपग्रेड’ आनंदाने घेतो, तीच इथे बघवत नाही.

या मार्गाने जायचं तर लेखनाआधी एक ‘नियमवही’ करा, दहा-बारा पानांची. जादू कशाने चालते, कशाने संपते, जखम किती वेळात भरते, मेलेला परत येतो का, प्रवासाला किती दिवस लागतात. गेममध्ये औषधाची कुपी प्यायली की जखम बरी होते. मालिकेत तसं ठेवलंत तर कुणाच्याही जिवाची भीती उरणार नाही. तो नियम बदलायचाच असेल तर पहिल्या दहा मिनिटांत बदला आणि नंतर पाळा. खेळाडू कपड्यांचा रंग बदललेला चालवून घेतात. नियम सोयीने वाकवलेला त्यांना लगेच कळतो.

प्रश्न: गेमची पात्रं आणि जागा थ्रीडीत तयार आहेतच. तीच मॉडेलं वापरून मालिका केली तर मॉडेलिंगचा खर्च वाचेल ना? – नाशिक

उत्तर: थोडा वाचेल, निर्मात्याला वाटतो तेवढा नाही. गेमचं मॉडेल सेकंदाला तीस किंवा साठ चित्रं जागच्या जागी काढता यावीत म्हणून बनवलेलं असतं आणि बहुधा खेळाडूच्या पाठीमागच्या कॅमेऱ्यातून दिसावं म्हणून. मालिकेचा कॅमेरा चेहऱ्यावर जातो.

पहिली अडचण टेक्श्चरची, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या रंगीत चित्राची. चेहऱ्याला टेक्श्चरमध्ये ५१२ पिक्सेलची जागा दिलेली असेल आणि फोरके (अतिस्पष्ट चित्राच्या) चौकटीत क्लोजअपचा चेहरा दोन हजार पिक्सेल उंच असेल, तर प्रत्येक पिक्सेल चौपट ताणला जातो. भुवया पुसट होतात, ओठांची कड विरघळते. ज्या पात्रांना क्लोजअप आहेत त्यांचे चेहरे आणि हात नव्याने रंगवावे लागतात. दुसरी अडचण जाळीची, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग ज्या छोट्या तुकड्यांनी बनतो तिची. गेमसाठी जाळी त्रिकोणांत मोडलेली असते. ती गुळगुळीत करायला गेलं की गालावर, खांद्यावर चिमटे काढल्यासारख्या सुरकुत्या येतात. चौकोनी जाळीची मूळ फाइल सापडते का ते आधी बघा. तिसरी रिगची, म्हणजे मॉडेल हलवण्यासाठी आत बसवलेल्या हाडांच्या सांगाड्याची. गेममध्ये एका बिंदूवर चार, फार तर आठ हाडांचा प्रभाव ठेवतात आणि चेहऱ्याला मोजक्याच हालचाली देतात. ओरडण्यापुरतं ते पुरतं. हुंदका आवरणारा चेहरा त्यात येत नाही. मुख्य पात्रांच्या चेहऱ्याचं रिग नवं, हे बजेटात धरूनच चाला.

हस्तांतर करताना तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. (अनरील आणि युनिटी ही गेम बनवायची इंजिनं, ब्लेंडर आणि माया ही थ्रीडीची सॉफ्टवेअरं.) अनरीलमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर, युनिटी आणि ब्लेंडरमध्ये एक मीटर. रूपांतर चुकलं की पात्र शंभरपट मोठं किंवा मुंगीएवढं येतं. अनरील आणि ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड अक्षाची, माया आणि युनिटीत वायची. पात्र पालथं पडलेलं दिसलं तर कारण हे. तिसरं लवकर लक्षात येत नाही. नॉर्मल मॅपचा (पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्राचा) हिरवा चॅनेल अनरीलमध्ये एका दिशेचा आणि माया, ब्लेंडर, युनिटीत उलट दिशेचा असतो. तो उलटा न करता फाइल आणली की चिलखतावरचे खिळे उठलेले न दिसता खोलगट दिसतात. पुसट उजेडात कुणाला कळत नाही आणि चौथ्या भागात मशाल जवळ आली की एकदम कळतं. म्हणून प्रत्येक मॉडेल आल्याआल्या बाजूने एकच दिवा लावून फिरवून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

जागांबद्दल मात्र आशा ठेवा. दूरचे देखावे, गल्ल्या, झाडं, सामानसुमान चांगलं कामी येतं. फक्त खेळाडू जिथे पोचत नाही तिथे भिंतींना पाठच नसते, छपरं नसतात. स्टोरीबोर्डवाल्यांना (शॉट चित्रांत आखणाऱ्यांना) गेममध्येच मोकळा कॅमेरा देऊन फिरू द्या. काय बांधलेलं आहे आणि काय नाही, ते शॉट आखण्यापूर्वीच दिसेल.

सगळं थ्रीडी जसंच्या तसं वापरणं हा एकमेव पर्याय नाही. ‘आर्केन’ बनवणाऱ्या पॅरिसच्या फॉर्टिश स्टुडिओने पात्रं थ्रीडीत उभी केली, पण त्यांच्यावरचा रंग हाताने चढवला, पार्श्वभूमी रंगवल्या आणि धूर, आग, ठिणग्या कागदी ॲनिमेशनच्या पद्धतीने हाताने काढल्या. त्यामुळे गेमच्या मॉडेलशी बरोबरी करण्याचा प्रश्नच आला नाही. महागडी वाट आहे, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न: अकरा मिनिटांच्या एका भागाला किती माणसं आणि किती दिवस लागतात? आकड्यांत सांगाल का? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर: थ्रीडी धरून मांडू. अकरा मिनिटांतून शीर्षक आणि नामावलीचं एक मिनिट काढलं की ६०० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेमने १४,४०० फ्रेम. सरासरी चार सेकंदांचा शॉट धरला तर दीडशे शॉट. टीव्हीच्या दर्जाच्या कामात एक ॲनिमेटर आठवड्याला वीस ते तीस सेकंद देतो. पंचवीस धरले तर भागाला २४ ॲनिमेटर-आठवडे, म्हणजे सहा जणांना चार आठवडे. त्यावर पंचवीस टक्के दुरुस्त्यांचे. सहा जणांना पाच आठवडे म्हणा. लढाई जास्त असेल तर हा वेग निम्म्यावर येतो.

रेंडरचा, म्हणजे संगणकाने शेवटचं चित्र तयार करण्याचा, हिशोब लोक विसरतात. फ्रेमला दहा मिनिटं लागली तर १४,४०० फ्रेमना २,४०० तास. वीस मशीनवर १२० तास, पाच दिवस. केस आणि धुरामुळे फ्रेम चाळीस मिनिटांवर गेली की हेच वीस दिवस होतात. आणि रेंडर एकदाच होतं असं समजू नका, दुप्पट धरा. अनरीलसारख्या इंजिनातच शेवटचं चित्र काढलं तर हा वेळ फारच खाली येतो. मोबदल्यात सावल्या, केस आणि पारदर्शक वस्तूंवर तडजोड करावी लागते.

हाताने काढलेलं टूडी असेल तर ‘दोनावर’ काम करतात, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं: ७,२०० चित्रं. ‘तिनावर’ केलं तर ४,८००. शांत संवाद तिनावर, धावपळ दोनावर आणि एखादाच घाव एकावर, अशी मिसळ करतात.

या सगळ्याआधी पटकथा, स्टोरीबोर्ड, आवाज आणि ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं आवाजाबरोबर वेळेत लावलेली कच्ची फिल्म) यांचे आठ-दहा आठवडे. पैसे कमी असतील तर ते इथे खर्च करा. ॲनिमॅटिकमधून शॉट काढून टाकायला अर्धा तास लागतो. रेंडरनंतर काढून टाकला तर एका माणसाचा आठवडा कचऱ्यात. ‘आर्केन’च्या दोन पर्वांच्या अठरा भागांना प्रसिद्धीसह सुमारे २५ कोटी डॉलर लागल्याचं ‘व्हरायटी’ने २०२४ मध्ये छापलं होतं. निर्मात्याला ‘आर्केनसारखं हवंय’ असं म्हणताना ऐकलंत तर हा आकडा नम्रपणे पुढे सरकवा.

प्रश्न: मी फ्रीलान्स संगीतकार आहे. एका गेमला मी संगीत दिलं, एकरकमी मानधन घेतलं. करार दीड पानाचा, ‘सर्व हक्क कंपनीचे’ एवढंच लिहिलेलं. आता त्याच गेमवर, तेच संगीत वापरून ॲनिमेशन मालिका येते आहे. मला काही मिळेल का? – म्हापसा

उत्तर: करार बाहेर काढा आणि त्यावर सही कुणाची आहे ते बघा. कॉपीराइट कायदा, १९५७च्या १९व्या कलमानुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं असावं लागतं. तुम्ही कंपनीचे पगारी नोकर नव्हता, त्यामुळे असं हस्तांतर नसेल तर साधारणपणे संगीतरचनेचे पहिले मालक तुम्हीच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं मानतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क कंपनीने एक वर्षाच्या आत वापरला नाही तर त्या हक्कापुरतं हस्तांतर संपतं, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. दीड पानी करारांत या तिन्ही गोष्टी बहुधा राहून गेलेल्या असतात, म्हणून मालिकेच्या वेळी कंपनी नव्या कागदावर सही मागायला येते. तीच बोलणी करायची वेळ.

२०१२च्या दुरुस्तीने आणखी एक केलं: चित्रपटात वापरलेल्या संगीताच्या आणि शब्दांच्या कर्त्याचा रॉयल्टीतला वाटा, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरांसाठी, त्याला सहीनेही सोडून देता येत नाही. ॲनिमेशन मालिका कायद्याच्या भाषेत चित्रपटाच्याच व्याख्येत बसते. मात्र रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. मुद्रण कंपनीच्या पैशाने झालं असेल तर ते तिचं असू शकतं. सही करण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. घरच्या जमिनीचे खटले बघणारा वकील इथे कामाचा नाही.

निर्मात्यांनाही सांगतो. मालिका जाहीर करण्याआधी गेममधल्या प्रत्येक गोष्टीचा माग काढा: फ्रीलान्स चित्रकार, आवाज देणारे, विकत घेतलेली तयार मॉडेलं, फॉन्ट. तयार मॉडेलांचा परवाना काही वेळा गेमपुरताच असतो. अनरील इंजिन वापरून मालिका केली तर गेमसारखी पाच टक्के रॉयल्टी लागत नाही. पण वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीला २०२४ पासून माणशी वार्षिक शुल्क पडतं.

संगीतातलं एक व्यावहारिक. गेमचं संगीत थरांत आणि आवर्तनांत रचलेलं असतं. शत्रू जवळ आला की ढोल वाढतात, गेला की उतरतात. मालिकेला ठरावीक सेकंदाला संपणारा तुकडा लागतो. त्यामुळे तयार फाइल चालत नाही, सुटे थर घेऊन पुन्हा बांधावं लागतं. सुटे ट्रॅक तुमच्याकडे असतील तर ते काम तुमच्याकडेच यायला हवं, मोबदला वेगळा.

प्रश्न: मी आवाज देते. मराठीत मूळ मालिका बनली तर आवाज आधी की चित्र आधी? आणि मराठी उच्चारांना ओठ कसे जुळवतात? – इंदूर

उत्तर: मूळ मालिका असेल तर आवाज आधी. जपानमध्ये बहुधा चित्र आधी आणि आवाज नंतर असतो, तिथल्या कलाकारांना त्याची सवय आहे. गेममध्ये आधीच मुद्रित झालेले संवाद असतील तर ते वापरण्याचा मोह टाळा. ती वाक्यं सुटी सुटी बोललेली असतात, प्रत्येक वाक्याआधी श्वास स्वच्छ, आवाजाची पातळी एकसारखी. ‘मागे बघ!’ हे शंभरदा वाजवता यावं म्हणून बोललेलं असतं, कुणाला उद्देशून नाही. शक्य तर दोन कलाकारांना एकत्र उभं करून नव्याने मुद्रण करा.

ओठांसाठी सगळी वर्णमाला लागत नाही. ट, ठ, ड, ढ, ण, ळ हे जिभेचे व्यवहार, बाहेरून जवळजवळ दिसत नाहीत. दिसतात ते प, ब, भ, म, तिथे ओठ पूर्ण मिटले पाहिजेत. व आणि बऱ्याच जणांचा फ दातओठांचा. आ मोठा उघडा, ई-ए रुंद, ओ-ऊ गोल. आठ-दहा मुखाकृतींत भागतं. मिटलेले ओठ किमान दोन फ्रेम टिकवा. एकाच फ्रेमवर ठेवले तर डोळा ते पकडत नाही आणि ‘मामा’चा ‘आआ’ दिसतो. तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी यायला हवा, उशिरा आलेला लगेच खटकतो. आणि प्रत्येक अक्षराला आकार देऊ नका. ‘कुठे गेला होतास’ हे आपण ‘कुठं गेल्तास’ असं बोलतो. ओठ बोलण्यावर बेता, लिपीवर नको.

प्रश्न: मालिका आणि गेमचा नवा भाग एकाच वेळी आणावा का? – अमेरिकेतून, न्यू जर्सी

उत्तर: नवा गेम नको. दोन्हीपैकी एक हमखास लांबतो. ‘आर्केन’ची घोषणा २०१९ मध्ये झाली, २०२०चं सांगितलं आणि ती आली नोव्हेंबर २०२१ मध्ये. चालू गेममध्ये छोटी भर घालणं जमतं. ‘एजरनर्स’च्या आठवडाभर आधी ‘सायबरपंक’ला १.६ ही सुधारणा आली, त्यात डेव्हिडचं जाकीट होतं. मालिकेनंतर रोज दहा लाख जण खेळत असल्याचं गेमच्या कंपनीने सांगितलं. उलटा प्रवासही झालेला आहे. पोकेमॉनचा पहिला गेम १९९६चा. त्यात सुरुवातीला मिळणाऱ्या तिघांत पिकाचू नव्हता. १९९७च्या मालिकेने त्याला नायकाचा जोडीदार केला आणि १९९८ मध्ये जपानमध्ये पिवळी आवृत्ती आली, तिच्यात पिकाचू खेळाडूच्या मागे मागे चालतो.

प्रश्न: आमच्या गेममधल्या जादूच्या हल्ल्यांना प्रचंड लखलखाट आहे आणि तीच त्याची ओळख आहे. टीव्हीवर तसंच ठेवलं तर चालेल का? – सोलापूर

उत्तर: नाही. पोकेमॉनचंच उदाहरण आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका भागात स्फोट दाखवताना लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकले. सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं, मालिका चार महिने बंद राहिली आणि जपानमध्ये चमकांबद्दल नवे नियम आले.

आज बहुतेक वाहिन्या आणि प्लॅटफॉर्म जी मर्यादा मानतात ती अशी: कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त चमका नकोत, विशेषतः चमकणारा भाग पडद्याच्या पाव हिश्शाहून मोठा असेल तर. भडक लाल रंगाच्या चमकांना आणखी कडक नियम. एक चमक म्हणजे उजळणं आणि परत मंदावणं मिळून. २४ फ्रेमच्या हिशोबात एक पूर्ण फेरा आठ फ्रेमपेक्षा लहान नको. आम्ही दहा-बारा ठेवायला सांगू. वेग तसाच हवा असेल तर उजेडातला फरक कमी करा, चमक पडद्याच्या एका कोपऱ्यात ठेवा, लालचा नारिंगी करा, किंवा पडदा उजळण्याऐवजी पात्राच्या अंगावरचा प्रकाश बदला. ठळक काळ्यापांढऱ्या पट्ट्या वेगाने सरकत असतील तर त्याही तपासणीत अडकतात.

तपासणीचं सॉफ्टवेअर शेवटच्या, रंग बसवलेल्या फाइलवरच चालवा. ॲनिमेटरने पाठवलेला शॉट पास होतो आणि कंपोझिटिंगमध्ये (चित्राचे थर एकत्र जोडताना) कुणीतरी झळाळी वाढवतं, तिथे तो नापास होतो. एक शॉट बदलला तरी पूर्ण भाग पुन्हा तपासायचा, कारण दोन शॉटच्या सांध्यावरचा कटही चमक म्हणून मोजला जातो.